शिवीचा हक्क

आबिजान शहरातल्या योपुगों वस्तीच्या भाजीबाजारात उजाडलं की नाही, हे आकाशाकडं बघून कुणी ठरवत नसे. लूची पहिली शिवी ऐकू आली की उजाडलं.

"ऊठ रे आळशा! ट्रक आलाय! गुलाम माझा, आणि झोपतोय बघा कसा सासऱ्याच्या घरी आल्यासारखा!"

हातगाडीत पाय पोटाशी घेऊन पडलेला झिए सिलुए एक डोळा उघडायचा. साठीचा माणूस, पण मान बैलासारखी. "गुलाम कोण गं? तुझ्या आज्याला माझ्या आज्यानं एका कोंबडीच्या बदल्यात घेतला होता. कोंबडी आजारी होती, म्हणून परवडला."

"कंदखाऊ मेला!"

"घूसखाऊ बया! बिळातली घूस भाजून खाणारी!"

एवढं झालं की दोघं ट्रककडं जायची. तो भेंडीची पोती गाडीवर रचायचा, ती मोजायची, आणि बाजार सुरू व्हायचा. चौदा वर्षं हे चाललं. रविवारी लू चर्चला जायची, तेवढाच काय तो खाडा. त्याची भरपाई सोमवारी व्हायची.

तिचं पूर्ण नाव वानिए लू. गुरोंच्यात मुलाच्या नावाला 'बी' लागतो, मुलीच्या नावाला 'लू', त्यामुळं नाव घेतलं की जमात कळते. बाजार तिला तांती लू म्हणायचा, म्हणजे लू मावशी. सतराव्या वर्षी लग्न होऊन सिन्फ्राहून आबिजानला आली, तिशीत नवरा वारला, मूलबाळ नाही. तेव्हापासून भेंडी, वांगी, मिरची आणि जीभ, एवढ्या भांडवलावर तिनं संसार केला. झिए उत्तरेकडचा सेनुफो. गुरो आणि सेनुफो यांचं नातं पूर्वापार शिव्यांचं आहे. तुक्पे म्हणतात त्याला. दोघांनी एकमेकांना वाट्टेल ते बोलावं, गुलाम म्हणावं, चोर म्हणावं, मयतातसुद्धा थट्टा करावी. रागवायचं मात्र नाही. शिवीला उत्तर द्यायचंच, गप्प बसला तो हरला. आणि एकमेकांच्या रक्ताला हात लावायचा नाही, आपल्यादेखत दुसऱ्या कुणाला लावू द्यायचा नाही. वाडवडिलांनी कुठलं तरी भांडण अशी शपथ घेऊन मिटवलं होतं म्हणे. कुठलं भांडण ते कुणालाच आठवत नाही. नातं तेवढं उरलं, आणि शहाणपणाचं उरलं.

या जिभेनं एकदा झिएला वाचवलंही होतं. एका पोलिसानं त्याची गाडी अडवली, हा परवाना दाखव, तो दाखव. लू कमरेवर हात ठेवून तिथं पोचली. "पकडलात? फार बरं केलंत साहेब! माझा पळालेला गुलाम आहे हा. टाका तुरुंगात. पण आधी सरकारला विचारा, याला रोज कंदाची एक रास लागते, परवडेल का?" पोलीस भलत्याच जमातीचा, पण तुक्पे कुणाला माहीत नाही त्या देशात? हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "जा बाबा, घेऊन जा तुझ्या मालकिणीला," म्हणाला झिएला. त्या दिवसापासून लूला पक्कं वाटायला लागलं की कुठलंही संकट येवो, दोन शिव्या हासडल्या की माणसं हसतात, आणि हसणारा माणूस मारत नाही.

बिचारी. चूक असेल तर एवढीच.

मग निवडणूक झाली. आधीच्या लढाईनं देशाचे दोन तुकडे पाडले होते, उत्तर बंडखोरांची, दक्षिण सरकारची. ते सांधायला म्हणून पाच वर्षं पुढं ढकलत ढकलत आणलेली ही निवडणूक. टीव्हीवर एक जण निकालाचा कागद वाचायला उठला, तर शेजारच्यानं तो हातातून ओढून सगळ्या देशासमोर फाडला. मग एका पक्षानं सांगितलं आमचा माणूस निवडून आला, दुसऱ्यानं सांगितलं आमचा. एकानं महालात शपथ घेतली, दुसऱ्यानं हॉटेलात राहून कागदावर. एका म्यानात दोन तलवारी! त्या रात्री झिए म्हणे घरी बायकोला म्हणाला, "दोन अध्यक्ष झाले हे बरं. एक मेला तर एक शिल्लक." त्याची बायको कारिजा हसली नाही.

योपुगों जुन्या अध्यक्षाच्या बाजूचं, आणि दुसरा अध्यक्ष उत्तरेकडचा. रस्त्यारस्त्यावर पोरांनी अडथळे उभे केले. टायर, ओंडके, बाजारातली लाकडी टेबलं. लूचंही एक टेबल नेलं. येणाऱ्याजाणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं आणि नाव वाचायचं. नाव उत्तरेचं असलं की पुढचं सगळं ठरलेलं. त्याला त्या लोकांनी नावही ठेवलं होतं, कलम एकशेपंचवीस. शंभर फ्रँकचं पेट्रोल, पंचवीसची काडेपेटी. माणूस जाळायचा भाव सांगतात आणि त्याला कायद्याचं नाव देतात! सांगायला लाज वाटते, पण त्या दिवसांत लहान पोरंसुद्धा हा आकडा खेळात म्हणायची.

कारिजा अबोबोला बहिणीकडं निघाली. तिकडं उत्तरेकडच्यांची वस्ती. झिए काही हलेना. "गाडी कोण सांभाळणार? मी गेलो तर ही घूसखाऊ ती जळणात घालेल." शेवटी कारिजा लूकडं आली.

"तू सांग त्याला. तुझं ऐकतो तो."

"अगं जा तू बिनघोर," लू म्हणाली. "माझ्या गुलामाला हात लावायची छाती आहे कुणाची या बाजारात? मी आहे ना!"

कारिजानं तिचं मनगट धरलं. "आहेस ना?"

"आहे म्हणजे काय! आहेच."

हे बोलणं झालं फेब्रुवारीत. त्यानंतर लू रोज त्याला ट्रकपासून बाजारापर्यंत सोबत करायची, शिव्या देत देत. फार्मसीच्या कोपऱ्यावरच्या अडथळ्याचा म्होरक्या होता दिदिए. काल-परवापर्यंत मिनीबसच्या थांब्यावर गिऱ्हाइकांना हाका मारणारा. या दोघांचं भांडण जुंपलं की तो मुद्दाम थांबून ऐकायचा. "काका, उत्तर द्या, हरताय!" असं म्हणून टाळ्या पिटायचा. तोच दिदिए आता गळ्यात काडतुसांची माळ घालून खुर्चीवर बसायचा. तरी चार आठवडे त्यानं झिएला अडवलं नाही. लू जाताना त्याला दोन मूठ मिरच्या द्यायची. तो हसून घ्यायचा. लूची छाती फुगायची. बघ म्हणायची झिएला, कुणामुळं जिवंत आहेस!

"एक दिवस मी या गाडीत राजासारखा बसेन," झिए म्हणायचा, "आणि तू ओढशील."

"तुझं मढं ओढेन!"

असलं बोलणं रोजचं होतं. जिभेला हाड नसतं.

मार्चातल्या त्या शुक्रवारी ट्रक उशिरा आला. लू हिशोबासाठी मागं थांबली आणि झिए गाडी घेऊन एकटाच पुढं गेला. कोपऱ्यावर दिदिएसोबत त्या दिवशी दोन नवे लोक होते, दुसऱ्या वस्तीतून आलेले, हातात बंदुका. आदल्या दिवशीच तिथं एका पाववाल्याला जाळलं होतं. डांबरावर काळा डाग होता आणि टायरच्या तारा तशाच पडल्या होत्या. लूनं दुरून पाहिलं ते एवढंच: गाडी थांबलेली, झिएचे हात वर, आणि त्याचं ओळखपत्र दिदिएच्या हातात.

  तिला एकच गोष्ट येत होती, तीच तिनं केली. कमरेवर हात ठेवून, बाजारभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत ती आली.

"पकडलात? फार बरं केलंत! बंडखोर आहे मेला! त्या भेंडीखाली तोफ लपवलीय बघा, आणि वांग्यांत काडतुसं! हातगाडी घेऊन अध्यक्षांना मारायला निघालाय!"

फूटपाथवरच्या दोघी-तिघी भाजीवाल्या सवयीनं हसल्या आणि एकदम गप्प झाल्या. काहीजण आजही सांगतात की दिदिए त्या क्षणी ओळखपत्र परत देतच होता, हात पुढं झाला होता. काहीजण म्हणतात छे, माशी हाकलत होता. लूला विचारायची कुणाची हिंमत नाही.

दिदिए हसला नाही. त्यानं नव्या दोघांकडं बघितलं, ते त्याच्याकडंच बघत होते.

"ऐकलंत?" तो म्हणाला. "बाईच सांगतेय."

"अरे दिदिए, थट्टा रे!" लूचा आवाज चिरकला. "तुला माहीत नाही होय? तूच तर टाळ्या पिटायचास!"

"पिटायचो. तेव्हा एकच अध्यक्ष होता, तांती."

पोती फाडली. भेंडी रस्त्यावर सांडली, तिच्यावर बूट नाचले. तोफ कुठली सापडायला! पण झिएचा सदरा फाडल्यावर दंडाला बांधलेला चामडी ताईत निघाला. पाठदुखीचा ताईत, बाजारातल्या अर्ध्या हमालांच्या दंडाला तो असतो. "बंडखोरांचा ताईत! गोळी लागू नये म्हणून बांधतात हे," नव्यातला एक ओरडला.

झिएनं अजून धीर सोडला नव्हता. त्यालाही तीच एक विद्या येत होती. "दादा, माझ्याकडं तोफ असती तर ही बया चौदा वर्षं जिवंत राहिली असती का?"

एक जण खरंच फसकन हसला. दुसऱ्यानं बंदुकीचा दस्ता झिएच्या तोंडावर हाणला. दात तुटून भेंडीत पडले. झिए गुडघ्यांवर आला, मग सळई त्याच्या पाठीत बसली, मग डोक्यात. ओल्या पोत्यावर काठी बसल्यासारखा आवाज यायचा, आणि दर वेळी झिए फक्त "हं" म्हणायचा, ओझं उचलताना म्हणतो तसा.

लू मधे पडली. तिला केसांना धरून ओढलं. तेव्हा तिची नजर गेली अडथळ्याच्या टोकाला उभ्या असलेल्या इरिए बीवर. तिशीचा, खांद्याला बंदूक, आणि नावात बी, म्हणजे गुरो. आपला माणूस!

"इरिए बी! ए इरिए बी! तू गुरो आहेस. तुझ्यादेखत सेनुफोचं रक्त सांडतंय! तुझ्या आज्याची शपथ मोडतेय, तुझ्या घरात पाळणा हलणार नाही! थांबव त्यांना!"

इरिए बीचा चेहरा राखेसारखा झाला. त्याला सगळं ठाऊक होतं. तो दिदिएकडं बघून काहीतरी पुटपुटला. दिदिए म्हणाला, "मग तूही बस त्याच्या शेजारी." इरिए बीनं एकदा झिएकडं पाहिलं, बंदूक सारखी केली आणि पाठ फिरवली. चालत फार्मसीच्या मागं गेला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. आपल्यादेखत झालं नाही म्हणजे शपथ मोडली नाही! देवाला आणि पूर्वजांना इतकं खुळं समजणारी माणसं मी त्या वर्षी फार पाहिली, दोन्ही बाजूंना.

दिदिए लूसमोर उकिडवा बसला. आवाज एकदम मऊ. "हा तुझा कोण लागतो, तांती? नीट सांग. गुलाम म्हणतेस, बंडखोर म्हणतेस, मग रडतेस. भाऊ आहे का? भाऊ असेल तर भावाशेजारी बस. टायर आणखी आहेत."

लूनं तोंड उघडलं. ती 'भाऊ' म्हणणार होती. चौदा वर्षांत पहिल्यांदा ती झिएविषयी खरं बोलणार होती.

पण आधी झिए बोलला. तोंडात रक्ताची गुळणी, दात नाहीत, तरी शब्द सगळ्यांना कळले.

"भाऊ? हिचा? थू! ही माझी गुलाम. आज्याला कोंबडीवर घेतला होता हिच्या." मग मान वळवायचा प्रयत्न करत म्हणाला, "ए घूसखाऊ, भेंडी सुकतेय. दुकानावर जा. धनी बोलत असताना मधे तोंड घालू नये."

दोघंतिघं हसले. दिदिएही हसला, आता हसला मेला! "जा तांती, धनी सांगतोय," म्हणत त्यांनी तिला गटाराकडं लोटून दिलं. ती हातावर पडली आणि कोपराखाली काडकन वाजलं.

शिवीला उत्तर द्यायचं असतं. ती गटाराच्या काठावर पडून ओठ हलवत होती. एक शब्द फुटेना. जी जीभ नको तेव्हा सुटली होती, ती आता टाळ्याला चिकटली. तेवढ्यात टायर आला, पेट्रोल आलं, आणि काडी ओढल्याचा आवाज आला. पुढचं तिनं पाहिलं नाही. ऐकलं मात्र शेवटपर्यंत. झिए या वेळी 'हं' म्हणाला नाही. तो ओरडला, खूप वेळ ओरडला, आणि कुठल्याही भाषेतला शब्द त्यात नव्हता.

दुपारी पलीकडच्या वस्तीतून तोफेचा आवाज आला. कोपऱ्यावरचे सगळे गाड्यांत बसून तिकडं पळाले. रस्ता मोकळा झाला. लू भेंडीचं रिकामं पोतं घेऊन परत आली. उजवा हात गळ्यात फडक्यानं बांधलेला. डाव्या हातानं तिनं झिएला गोळा केलं. काही भाग अजून गरम होते, तिचे तळवे भाजले. ताईताचं चामडं जळून गेलं होतं, आतली लोखंडाची चकती राहिली होती. तीही पोत्यात टाकली. मग पोतं गाडीत ठेवलं आणि दांड्यात शिरली.

गाडी ओढायची तिला सवय नव्हती. एक चाक डावीकडं खेचायचं, हे तिला चौदा वर्षांत माहीत नव्हतं. एकदाही बोलला नव्हता मेला त्याबद्दल. खिडक्यांतून माणसं बघत होती. कुणी खाली आलं नाही. बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीमागं तिनं एका हातानं कुदळ चालवून गुडघाभर खड्डा केला, त्यात पोतं ठेवलं, वर केळीची पानं आणि माती टाकली. शिवी द्यायला पाहिजे होती, हे तिला तिथंही आठवलं. तोंड उघडलं तर ओकारी आली.

एप्रिलात दुसऱ्या अध्यक्षाची माणसं शहरात घुसली. जुना अध्यक्ष पकडला गेला. मग योपुगोंत त्यांनीही दारं फोडून नावं विचारायला सुरुवात केली. आता उलटं होतं एवढंच. दिदिए गटारात सापडला, शीर नव्हतं, काडतुसांच्या माळेवरनं ओळखला. इरिए बीला त्याच्या अंगणात गोळी घातली. त्याच्या आईनं सांगितलं म्हणे की माझ्या पोरानं कुणाला मारलं नाही, तो तर पाठ करून उभा होता. वानिए लू हे नाव उत्तरेचं नव्हे, ते घेऊन फिरण्यातही आता धोका होता. अकरा दिवस लू चर्चच्या तळघरात, तिच्यासारख्याच दोनशे माणसांत, मोडक्या हातानिशी बसून राहिली. हात वाकडाच जुळला.

मे महिन्यात बाजार पुन्हा भरला. लू पहाटे यायची, ट्रकपाशी उभी राहायची, आणि एक शब्द न बोलता दुसऱ्या हमालाकडून माल उतरवून घ्यायची. तिनं कारिजाला निरोप धाडला होता: तो कुठं आहे ते मला ठाऊक आहे. एका सकाळी कारिजा दोन दिरांना आणि पांढऱ्या विणलेल्या चादरी घेऊन आली. लूच्या दुकानासमोर उभी राहिली.

"चल," म्हणाली.

चौघं वखारीमागं गेली. दिरांनी माती उकरली. पोतं वर आलं. बाजाराचा निळा शिक्का अजून दिसत होता. कारिजानं ते चादरीत ठेवून हळूहळू गुंडाळलं, एकीवर एक, सात चादरी.

लूला राहवेना. "कारिजा, माझ्या तोंडानं मारलं त्याला."

"ठाऊक आहे. सगळ्या बाजारानं सांगितलंय मला."

"मग मला कशाला आणलंस? थोबाडीत मार. थुंक माझ्यावर."

कारिजानं गाठ पक्की केली आणि मग वर पाहिलं. "मी तुला माफ केलेलं नाही. करेन असं वाटत नाही. 'आहेच' म्हणाली होतीस तू." तिनं चादरीवरची माती झटकली. "पण माझ्या नवऱ्याला शिव्या न देता पुरलं, असं गावाकडं कळता कामा नये. सेनुफोच्या मयताला गुरोनं आडवं पडायचं असतं. हक्क तुझा आहे. दुसऱ्या कुणाला बोलावू? तो पुरा कर, आणि मग माझ्या दारात येऊ नकोस."

दिरांनी गाठोडं खांद्यावर घेतलं. लू वाटेत आडवी झाली. रीतच आहे तशी, मयत अडवायचं, थट्टा करायची, माझा गुलाम मला न विचारता कुठं चालला म्हणून भांडायचं. ती मातीत पाठीवर पडून वर बघत होती. वर पांढरं गाठोडं, त्याच्यामागं ऊन. 

"ऊठ रे..." पडल्यापडल्या तिनं डावा हात कमरेवर ठेवला. "ऊठ रे आळशा! मला म्हणतोस भेंडी सुकतेय! तुला नाही दिसत? ट्रक आलाय, आणि माझा गुलाम बघा, चालला दोघांच्या खांद्यावर बसून, राजासारखा! गाडी मी ओढली ना तुझी? एक चाक डावीकडं खेचतं, सांगायला काय झालं होतं तुला? कंदखाऊ मेला! ऊठ!"

दीर थांबले. लू वाट बघत होती. तिला तशी सवयच होती, शिवी दिली की अंमळ थांबायचं, कारण पलीकडून यायची. वखारीच्या पत्र्यावर एक कावळा चालत होता. 

मग कारिजा म्हणाली, "झालं. आता बाजूला हो."

लू डाव्या हातावर जोर देऊन उठली आणि बाजूला झाली.